दुसरी नोंद

तार लागली तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कुणी हात झटकतसुद्धा नाही. तंबोऱ्याला तारा चढवताना पोलादी तारेचं टोक बोटात घुसतं, रक्ताचा थेंब येतो, तो लेंग्याला पुसायचा आणि काम पुढे चालू. दिवसातून आठ-दहा वेळा तरी हे होतंच. त्या गल्लीच्या तोंडाशी माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे हे सगळं मी फ्रॉकात होते तेव्हापासून बघत आले आहे. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची मला सोयच नाही.

२०४१ च्या जानेवारीत दिलावरचाचा सतारमेकर दवाखान्यात माझ्यासमोर आले, ते उजवं मनगट टॉवेलात गुंडाळून. पटाशी निसटली होती. बोटांची संवेदना वाहून नेणारी मनगटातली मुख्य चेता आरपार कापली गेली होती. आमच्या सर्जननी ती सूक्ष्मदर्शकाखाली दोन तास बसून सुरेख शिवली. तरी अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं लाकडासारखी पडून होती.

"शिवलंय म्हणतेस, मग कळत का न्हाई?" चाचांनी विचारलं. साठीचा माणूस, पण घाबरलेला चेहरा लपवता येत नव्हता. त्यांची मुलगी नसीम शेजारी उभी होती. आई गेल्यापासून दुकानाचं सगळं तीच बघते.

चाचा जवारी लावतात. तंबोऱ्याची तार ज्या हाडाच्या घोडीवर टेकते, तिचा पृष्ठभाग कानशीनं केसभर केसभर घासून असा करायचा, की तार तिला जेमतेम चाटून जाईल आणि आवाज उमलेल. मोजायला यंत्र नाही. बोट फिरवायचं आणि समजायचं. देशभरातले गवई त्यासाठी त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. बोटं गेली तर चाचांपाशी दोन कान उरणार होते, आणि नुसत्या कानांनी जवारी लागत नाही.

मी त्यांना समजावलं ते असं. चेतातंतूवर मेदाचं एक वेष्टन असतं, मायलिन. ते असतं म्हणून बोटाचा निरोप मेंदूपर्यंत झपाट्यानं जातो. चेता कापली की कापाच्या पलीकडचा सगळा भाग मरतो आणि त्या वेष्टनाचे तुकडे तिथेच पडून राहतात. नवा तंतू वरून वाढत येतो, पण हा राडारोडा त्याला पुढे येऊ देत नाही. आधी सफाई व्हावी लागते. ती सुरू करतात श्वान पेशी. नाव ऐकून हसू नका, श्वान हे एका जर्मन शास्त्रज्ञाचं आडनाव. या पेशी थोडं स्वतः खातात आणि मग काही रेणू सोडून रक्तातल्या भक्षक पेशींना हाक मारतात. प्रतिकारशक्तीचे हे संदेशवाहक रेणू, सायटोकाइन त्यांचं नाव. हाक जितकी लवकर आणि मोठी, तितकी सफाई लवकर. सफाई रखडली, की तंतू पोचेपर्यंत बोटातली टोकं वाळून जातात.

"मग हाक मोठी करा की," चाचा म्हणाले.

नेमकं तेच करणारं औषध वर्षभरापूर्वी बाजारात आलं होतं. नाव 'साद'. एकच इंजेक्शन. ते त्या चेतेतल्या श्वान पेशींना शिकवायचं, की इजा झाली रे झाली की मोठ्यानं हाक मारा. कचरा संपला की हाक आपोआप बंद होणार, असा हिशेब होता. आमच्या जिल्ह्यात साद घेतलेल्या रुग्णांच्या पाठपुराव्याचं काम माझ्याकडे होतं, आणि मला त्या औषधाचा, खरं सांगते, फार अभिमान होता.

चाचांना ते टोचलं, आणि सात महिन्यांचं काम तीन महिन्यांत झालं. एप्रिलमध्ये चाचांनी डोळे मिटून माझ्या टेबलावरच्या कागदांची जाडी बोटांनी ओळखून दाखवली. मे महिन्यात नसीमचा फोन आला, अब्बांनी अशी जवारी आयुष्यात लावली नव्हती म्हणून. पुण्याहून, धारवाडहून गवई पुन्हा येऊ लागले. आमच्या औषधाच्या माहितीपत्रकावर चाचांचा फोटो छापला गेला.

दर महिन्याला मी फॉर्म घेऊन त्यांच्या दुकानात जायची. प्रश्न क्रमांक सात असा होता: 'गेल्या महिन्यात उपचार झालेल्या हाताला जखम झाली का?' चाचा तारा चढवत बसलेले असायचे. एकदा तर मी तो प्रश्न वाचत असतानाच तार त्यांच्या तर्जनीत घुसली. त्यांनी बोट लेंग्याला पुसलं आणि म्हणाले, "न्हाई बा, कसली जखम." मीही 'नाही' वर खूण केली आणि चहा घेतला. त्यांना ती जखम वाटली नाही यात नवल नाही. मलाही वाटली नाही, आणि मी डॉक्टर होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात चाचा स्वतःच दवाखान्यात आले. एकटेच.

"रुजू, एक विचारू? हसू नको." मला सगळं जग डॉक्टर ऋजुता मगदूम म्हणतं, चाचा अजून रुजू म्हणतात. "तार छेडली की आवाज आधी येतोय. बोटाला मागनं कळतंय."

मी हसलेच. म्हटलं, "चाचा, आता कानही तपासू का?"

"आधी मला वाटलं, तार खराब. मग वाटलं, भोपळ्यात खोट हाय. चार तंबोरे बदलले. चारीत तसंच. डाव्या हातानं छेडलं की न्हाई होत."

माझं हसू तिथेच आटलं. निरोगी हातात बोटाचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. त्यांना उशीर कळत होता, याचा अर्थ तो निदान पाचपट तरी वाढला होता. तुमच्या-माझ्या लक्षातही आला नसता. ज्यानं पन्नास वर्षं तार आणि बोट यांच्यामधल्या जागेत काढली त्याच्या लक्षात आला.

मी त्यांना यंत्राला जोडलं. बोटापासून कोपरापर्यंत वेष्टन जागोजागी उघडं पडलं होतं. पेशींचा नमुना घेतला तर तो भक्षक पेशींनी भरलेला. पोटं फुगलेली, मायलिननं भरलेली. पण कचरा कुठे होता? तो तर एप्रिलमध्येच संपला होता. त्या धडधाकट वेष्टन सोलून खात होत्या.

टेबलावर चाचांचा हात पालथा पडला होता. मी तो उलटा केला. बोटांच्या पेरांवर बारीक बारीक तांबडे ठिपके होते. मी ते मोजायला लागले आणि वीसच्या पुढे थांबले.

तारेचा प्रत्येक टोचा ही त्या पेशींच्या लेखी इजाच होती. प्रत्येक टोच्याला त्या हाक मारत होत्या, आणि आम्ही त्यांना विसरायला शिकवलंच नव्हतं. पाच-सहा महिने, रोज आठ-दहा हाका, प्रत्येक आधीच्यापेक्षा मोठी. आता इजेची वाट बघायचंही त्यांनी सोडलं होतं. शेजारच्या पेशी ती हाक ऐकून आपणही ओरडायला लागल्या होत्या, आणि ही आरडाओरड हातातून वर सरकत होती. खांद्याच्या पुढे मान आणि मणक्यातला मज्जारज्जू. तिथं जे सोललं जातं ते परत येत नाही.

साद ज्यांच्यावर आधी तपासलं गेलं ते सगळे लोक चाचणीपुरते घरी बसलेले, भरपगारी रजेवर. त्यांच्या बोटाला काय टोचणार? आणि बाजारात आल्यावर ते नव्वद हजार लोकांनी घेतलं होतं. शिंपी, विडी वळणाऱ्या बाया, ऊसतोड करणारे, काटेरी तारा ओढणारे. सगळ्यांच्या फॉर्मवर प्रश्न सातपुढे 'नाही'.

त्या दुपारी मी राष्ट्रीय पातळीवरच्या निरीक्षण समितीला फोन केला. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, एका रुग्णाची एक नोंद ही नुसती घटना असते, पुरावा नव्हे. निदान पंधरा दिवसांच्या अंतरानं दुसरी नोंद पाठवा, उपचाराविना. आजार वर सरकतोय हे सिद्ध झालं तर चोवीस तासांत औषध थांबवतो. नियम आहे." मग जरा थांबून म्हणाले, "फॉर्मवर तर तुम्हीच जखम नाही असं लिहिलंय. तुमच्याच सह्या आहेत."

साद थांबवणारं एक औषध होतं, 'विराम'. ते हाक कायमची बंद करतं. सोललेलं भरून येत नाही, पण जिथं आहे तिथं थांबतं. माझ्या मागच्या फ्रिजमध्ये त्याच्या दोन कुप्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना बोलावून सगळं सांगितलं. सगळं म्हणजे तोपर्यंतचं सगळं. आज विराम दिलं तर कोपराखालचा हात मंद राहील, जवारी त्या हाताला पुन्हा जमणार नाही, पण आजार तिथंच थांबेल. पंधरा दिवस थांबलो तर तो आणखी चार बोटं वर जाईल, पण माझ्या हातात पुरावा येईल आणि हजारो हात वाचतील. थांबाल का?

चाचांनी उजवा हात डाव्या हातात घेतला.

"न्हाई," ते म्हणाले. "हजारांचं मला कळत न्हाई, पोरी. उजवा गेला ते गेला. पण डावा राहू दे माझा. डाव्यानं शिकंन मी पुन्यांदा, पाच वर्षं लागू देत. मला आजच दे ते औषध."

पुढचं वाक्य मी अगदी शांतपणे बोलले.

"चाचा, औषध मागवावं लागेल. पंधरा दिवस तरी लागतील."

त्यांनी मान डोलावली. जाताना म्हणाले, "तेवढी घाई कर, रुजू."

मी स्वतःला समजावलं, चारच बोटांचा तर प्रश्न आहे. डावा हात लांब आहे. नव्वद हजार विरुद्ध चार बोटं, यात विचार करण्यासारखं काय आहे? त्या पंधरा दिवसांत मी दर सकाळी फ्रिज उघडून दुसऱ्या रुग्णांची औषधं काढत होते. त्या कुप्या तिथंच असायच्या, दाराच्या कप्प्यात. नसीमनं दोनदा फोन केला. "ताई, आलं का औषध?" मी दोन्ही वेळा म्हणाले, "निघालंय."

पंधराव्या दिवशी चाचा आले तेव्हा नसीम त्यांच्या सदऱ्याची बटणं लावत होती. मी उजव्या हाताची नोंद घेतली. कोपर नाही, खांदा नाही. मानेपर्यंत सगळं उघडं होतं. सरकण्याचा वेग वाढेल, हा विचार मी केलाच नव्हता. मग मी डावा हात यंत्राला लावला, कारण तो धड असता तर बटणं नसीमला लावावी लागली नसती. डाव्या बोटांचा निरोपही उशिरा पोचत होता. मानेतल्या मज्जारज्जूतून हाक दुसऱ्या बाजूला उतरली होती.

मी फ्रिजमधून कुपी काढली आणि टोचली. 

"आलं की वेळेवर," चाचा म्हणाले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. तो कुठे टेकला हे त्यांना कळलं नसावं. तो माझ्या कानावर पडला होता.

दोन्ही नोंदी समितीला पाठवल्या. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. नोंदी अत्यंत गंभीर आहेत, तातडीनं विचार करू, फक्त एका कागदाची पूर्तता बाकी आहे. सोबत मजकूर जोडला होता, रुग्णाची सही तेवढी घ्यायची. उपचार हाताशी असताना रुग्णाला न विचारता रोखून घेतलेली नोंद ग्राह्य धरत नाहीत. तो नियमही योग्यच आहे. मी विद्यार्थ्यांना शिकवते.

कागद घेऊन मी गल्लीत गेले. दुकानात तारांची वेटोळी खुंटीला तशीच होती. चाचांनी कागद घ्यायला डावा हात पुढे केला, कागद बोटांतून निसटून खाली पडला आणि मग त्यांनी मूठ मिटली. नसीमनं तो उचलला आणि मोठ्यानं वाचायला लागली. "मी, दिलावर मेहबूब सतारमेकर, असे लिहून देतो की, विराम हे औषध दवाखान्यात उपलब्ध असतानाही मी स्वखुशीने पंधरा दिवस..."

ती थांबली.

"परत वाच," चाचा म्हणाले.

तिनं परत वाचलं. तिचा आवाज चिरकत होता.

"औषध तिथंच हुतं?" चाचांनी मला विचारलं.

"हो."

"कुठं?"

"फ्रिजमध्ये. तुम्ही बसला होता त्याच्यासमोर, माझ्या मागे."

"पयल्या दिवशी दिलं असतंस तर डावा राहिला असता?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. "राहिला असता," मी म्हणाले.

नसीम उठली आणि आत निघून गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. चाचा स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत होते, कुणीतरी मांडीवर आणून ठेवलेल्या वस्तूंकडे बघावं तसे.

"त्या सुईवाले लई लोक हायत म्हणालीस."

"नव्वद हजार. रोज वाढताहेत. चाचा, मी तुम्हाला विचारलं होतं..."

"इचारलं होतंस. मी न्हाई म्हणालो होतो." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "न्हाई म्हणायचा हक हुता का नव्हता मला?"

"होता."

"मग ह्या कागदावर मी अंगठा देणार न्हाई. हे खोटं हाय. खरं लिही. तू काय सांगितलंस, मी काय म्हणालो, औषध कुठं हुतं, सगळं लिही. त्यावर देतो. त्यानं ती सुई थांबणार असंल तर थांबू दे. माझ्या नावावर खोटं नको."

मी तिथंच ओट्यावर बसून लिहिलं. दोन पानं झाली. नसीम बाहेर आली, तिनं सगळं वाचलं, शाईची पेटी आणली आणि अब्बांचा डावा अंगठा धरून कागदावर दाबला. चाचा अंगठा दाबतच राहिले.

"टेकला, अब्बा," ती म्हणाली. "सोडा आता."

माझ्याशी ती बोलली नाही. अजूनही बोलत नाही.

समितीचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. माझ्यावर चौकशी बसली, महिनाअखेर मला पाठपुराव्याच्या कामातून मुक्त करण्यात येईल. दिलावर सतारमेकर यांची दुसरी नोंद संमतीविना घेतली गेल्याने रद्द. आजाराच्या प्रगतीबाबत नवीन रुग्णाच्या, संमतीसह, दोन नोंदी सादर केल्यास पुनर्विचार होईल. तोवर सादची विक्री चालू राहील. म्हणजे चाचांचा डावा हात कुणाच्याच उपयोगी पडला नाही. त्या दिवशी मी दवाखान्याच्या मोरीत जाऊन रडले आणि मग तोंड धुऊन पुढचा रुग्ण बोलावला.

पूनम खोत. शिरोळची, वय चाळीस, हरितगृहात गुलाब कापते. मार्चमध्ये कात्रीनं तळहात फाटला होता, साद घेतलं होतं. तिच्या फॉर्मवर सातव्या प्रश्नापुढे दर महिन्याला 'नाही' होतं. मी तिला जखमेचं विचारलंच नाही. म्हटलं, काल सकाळपासून काय काय काम केलंस ते सांग. ती सांगत गेली. मध्येच म्हणाली, "काटं व्हय? ते रोजचंच की."

नोंद घेतली. आजार मनगटाच्या वर, कोपराच्या अर्ध्या वाटेपर्यंत पोचला होता. सुरुवात होती. याच्याहून चांगला पुरावा समितीला मिळाला नसता, आणि माझ्याकडे अजून नऊ दिवसांचा अधिकार होता. पंधरा नव्हे, पण दुसऱ्या कुणी ती नोंद घेतली असती.

मी संमतीचा कागद काढला आणि एकही शब्द न गाळता तिला वाचून दाखवला. पंधरा दिवस थांबलीस तर काय होईल, न थांबलीस तर काय होईल. बाकीच्या लोकांचं काय होईल तेही. एका माणसाचं काय झालं तेही सांगितलं. तो हिशेब चार बोटांचा सांगितला होता आणि मानेपर्यंत गेला, हेही गाळलं नाही.

ती पदर बोटाला गुंडाळत, सोडत ऐकत होती.

"म्हंजे औषध हितं न्हाई का? मागवायला लागंल?"

"आहे," मी म्हणाले. "इथंच आहे. एक कुपी आहे."

"मग द्या की, बाई."

मी फ्रिज उघडला. तिच्या नोंदीचा कागद टेबलावर होता. त्यावर दोन रकाने छापलेले असतात, आणि दुसरा आता भरायचा नव्हता. बाहेर औषधांच्या दुकानात सादचा नवा खोका उतरत होता, माझ्या खिडकीतून दिसत होता. मी सुई भरली, आणि पूनमनं बाही वर केली.